टीपीएस नवा, कोड जुनाच: थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. महिनाभरापासून चेक लाइट अधूनमधून लागतो. नाशिकच्या द्वारका सिग्नलला उभं राहिलं की आरपीएम ७०० वरून १४०० वर जातो, परत खाली येतो, कधी गाडी बंदच पडते. दुसऱ्या गिअरमध्ये २०-३० च्या वेगाला झटका बसतो. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१२२ कोड आला, टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) बदलला. आठ दिवस गाडी बरी चालली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तोच कोड. आता अख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) बदला असं सांगितलंय. बदलावी का?

आत्ता तरी नको. का नको ते सांगतो, जरा लांबेल.

मी अंबडला गाड्यांच्या वायरिंगचं आणि सेन्सरचं काम करतो, बावीस-तेवीस वर्षं झाली. माझ्याकडे बहुतेक गाड्या दुसऱ्या गॅरेजमधून येतात, दोन-तीन पार्ट बदलून झाल्यावर. त्यामुळे तुमच्या गाडीची कुंडली मला ओळखीची वाटते. पण मी गाडी पाहिलेली नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी कोडचं बघू. स्कॅनरवर 'थ्रॉटल पोझिशन सेन्सर' अशी अक्षरं आली की मिस्त्रीचा हात सेन्सरच्या स्क्रूकडे जातो. खरं तर कोड ही ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, नुसती तक्रार असते. तो म्हणतो, टीपीएसच्या सिग्नल वायरवर मला पाहिजे त्यापेक्षा कमी व्होल्टेज दिसलं. का दिसलं, हे त्यालाही माहीत नसतं. पेशंट पोट दुखतंय म्हणतो. ते अपेंडिक्स आहे की सकाळची झणझणीत मिसळ, हे डॉक्टरने शोधायचं. पी०१२२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०१२३ म्हणजे जास्त, पी०१२१ म्हणजे व्होल्टेज हद्दीत आहे पण बाकीच्या सेन्सरांशी जुळत नाही, आणि पी०१२४ म्हणजे येऊन-जाऊन तुटतंय. चारही कोडांना सर्रास 'टीपीएसचा कोड' म्हणतात, पण शोध चार वेगळ्या दिशांना जातो. तुमच्याकडे 'कमी'चा कोड आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं बेतलेलं आहे.

टीपीएस काय करतो? जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ (अर्थिंगची वायर), आणि मधे एक सरकता काटा. थ्रॉटलची पाकळी जशी उघडेल तसा काटा सरकतो आणि तिसऱ्या वायरवर व्होल्टेज वाढत जातं. पाकळी बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की ४ ते ४.५. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, पण चढ सलग हवा. ईसीयू या आकड्यावरून दोन गोष्टी ठरवतो: पाय एक्सिलेटरवरून उचललाय का, म्हणजे आयडल (पाय न लावता इंजिनाचं चालू राहणं) सांभाळायचं का, आणि पाय अचानक दाबला का, म्हणजे जास्तीचं पेट्रोल द्यायचं का. हा आकडा मधूनच गायब झाला की आयडल नाचतं आणि उचल घेताना झटका बसतो. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात, तेवढं तुमच्या गॅरेजवाल्याचं बरोबर होतं.

रेडिओचं बटण जुनं झालं की नेहमी ज्या आवाजाला ठेवतो तिथेच खरखर करतं. टीपीएसचंही तसंच. आपल्याकडे मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत गाडी रांगत असते, म्हणजे पाकळी जेमतेम उघडलेली. त्या थोड्याशा पट्ट्यावर काटा लाखो वेळा घासतो आणि कार्बनचा थर तिथेच उडतो. म्हणून खरोखर झिजलेला टीपीएस हळू चालताना त्रास देतो आणि हायवेला विल्होळीच्या पुढे निघालात की शहाण्यासारखा वागतो. जुन्या सेन्सरवर हाच संशय घेणं वाजवी होतं. पण तुम्ही तो बदललात आणि कोड परत आला. नवा सेन्सर आठ दिवसांत झिजत नाही. तो नकली किंवा भलत्याच मॉडेलचा असू शकतो, नाही म्हणत नाही. पण पाऊस पडल्यावर परत आलेला कोड मला वायरिंगकडे बोट दाखवताना दिसतो.

आता मला इथून काय कळत नाही ते सांगतो. तुमच्या थ्रॉटल बॉडीला एक्सिलेटरची केबल येते की ती इलेक्ट्रॉनिक आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१३ च्या सुमाराला दोन्ही प्रकार चालू होते. बॉनेट उघडा आणि कुणाला तरी एक्सिलेटर दाबायला सांगा. थ्रॉटलवर केबल ओढली जाताना दिसली तर तुमचा प्रकार सोपा. नुसता सेन्सर सुटा बदलून मिळाला, त्यावरून मी केबलवालीच धरतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये सेन्सर बहुधा बॉडीतच बंद असतो. दुसरं, सीएनजी किट सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) आहे की जुन्या पद्धतीचं मिक्सरवालं (हवेच्या वाटेवरच गॅस मिसळणारं), हेही कळत नाही. ते फार महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच.

मोजायला लागण्याआधी दोन गोष्टी. कोड पुसू नका आणि बॅटरीही काढू नका. कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान ईसीयूने फ्रीझ फ्रेम म्हणून साठवलेलं असतं, आणि कोड पुसला की तेही जातं. मागच्या वेळी गॅरेजमध्ये पहिलं बटण पुसायचंच दाबलं गेलं असणार. या वेळी आधी मोबाइलवर फोटो काढा. कोड गाडी हलताना पडला की उभी असताना, थंड इंजिनवर की गरम, एवढ्या दोन माहित्यांनी माझे कधीकधी दोन तास वाचतात.

ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा) असेल तर लाइव्ह डेटा बघता येईल. पण एक गोंधळ आधीच दूर करतो. पाय उचललेला असताना थ्रॉटल १० ते १८ टक्के दिसतं आणि लोक घाबरतात. बऱ्याच गाड्यांत हा आकडा म्हणजे ५ व्होल्टच्या तुलनेत सिग्नल किती, एवढंच असतं. ०.५ भागिले ५ म्हणजे १० टक्के, ०.७ असेल तर १४. पूर्ण दाबूनही ९० च्या पुढे जात नाही, कारण ४.५ भागिले ५. शून्य ते शंभर दिसत नाही म्हणून सेन्सर बदललेला माणूस मला भेटलेला आहे.

आता मल्टिमीटर. चांगला डिजिटल मीटर, त्याला मिन-मॅक्सची (सगळ्यात खालचा आणि वरचा आकडा धरून ठेवायची) सोय असेल तर उत्तम, आणि दोन बारीक टाचण्या. टाचणी कपलरच्या (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागून, वायरच्या कडेने सरकवायची. समोरून पिनेत काहीही खुपसायचं नाही. हे मी स्वतः फटका खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात ओझरच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी मीटरचा जाड प्रोब समोरून घुसवून टीपीएस तपासला, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. चार दिवसांनी गाडी परत, या वेळी पी०१२३. नवा सेन्सर टाकला, तरी तेच. शेवटी भिंगाने बघितलं तर कपलरमधली अर्थची पिन फाकलेली, सेन्सरची पट्टी तिच्यात सैल खेळत होती. फाकवली होती माझ्याच प्रोबने. सेन्सरचे पैसे मी परत केले.

त्या गाडीत कोड 'जास्त'चा का आला, हे समजून घ्या, कारण तुमच्या उत्तराची किल्ली त्यात आहे. सेन्सरचा अर्थ तुटला की काट्याला खाली ओढणारं कुणी उरत नाही, सिग्नल थेट ५ व्होल्टकडे चढतो आणि पी०१२३ येतो. उलट ५ व्होल्टची वायर तुटली तर सिग्नल खाली बसतो, पी०१२२ येतो. सिग्नलची वायर बॉडीला घासून अर्थ झाली तरीही पी०१२२. सिग्नलची वायर मधेच तुटली, तर ईसीयूच्या आतली रचना जशी असेल तसा तो शून्य तरी वाचतो किंवा ५ तरी. बऱ्याच गाड्यांत शून्य. म्हणजे तुमच्या गाडीत अर्थ हा पहिला संशयित नाही. ५ व्होल्ट आणि सिग्नल, या दोन वायरी आहेत. 'आधी अर्थिंग साफ करून बघा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि एरवी तो वाईटही नाही, पण तुमच्या कोडला तो लागू पडत नाही.

क्रम असा ठेवा. इंजिन बंद, इग्निशन ऑन, टीपीएसचा कपलर काढलेला. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर. कपलरच्या वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट मिळायला हवेत, साधारण ४.९ ते ५.१. मिळाले तर ती वायर निदान आत्ता तरी जिवंत आहे. मिळाले नाहीत तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका. हे ५ व्होल्ट बहुतेक गाड्यांत टीपीएस एकटा वापरत नाही. मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), काही गाड्यांत एसीचा प्रेशर सेन्सर हेही त्याच लाइनवर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट पडतात आणि नाव मात्र टीपीएसचं येतं. अशा वेळी त्या लाइनवरचे कपलर एकेक करून काढायचे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार.

दिंडोरी रोडच्या एका द्राक्ष बागाईतदाराची गाडी आठवते. गाडी शेडमध्ये, शेडला लागून बाग, आणि छाटणीनंतर गाडी पंधरा-पंधरा दिवस जागची हलायची नाही. टीपीएस आणि मॅप, दोन्हींचे 'कमी'चे कोड एकाच वेळी. दोन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, एवढ्यावरूनच मी थेट सामाईक वायरकडे गेलो. वरून पाहिलं तर नळीदार कव्हर धडधाकट. खालच्या बाजूने हात फिरवला तर उंदराने कव्हरसकट ५ व्होल्टची वायर अर्धी खाल्लेली, चार-पाच तारा शिल्लक. मळ्यात गाडी लावणाऱ्यांनी हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, नेहमी खालून हात लावून बघावा.

५ व्होल्ट ठीक असतील तर सिग्नलची वायर तपासायची, आणि ही चाचणी मला सगळ्यात आवडते कारण ती पाच मिनिटांत अर्धा हार्नेस निर्दोष ठरवते. कपलर काढलेलाच ठेवा, स्कॅनरवर टीपीएसचं व्होल्टेज किंवा टक्के लावून ठेवा. मग कपलरमधल्या ५ व्होल्टच्या आणि सिग्नलच्या पिना बारीक वायरने जोडा, मधे एक किलोओहमचा एखादा रेझिस्टर असला तर आणखी बरं. स्कॅनरचा आकडा ताडकन वर जायला हवा, पाचाच्या आसपास. गेला तर ईसीयू शहाणा आहे, दोन्ही वायरी आत्ता तरी सलग आहेत, आणि दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पकडीत आहे. नाही गेला तर सिग्नलची वायर कपलर आणि ईसीयूच्या मधे कुठेतरी तुटली आहे किंवा अर्थ झाली आहे. कोणती पिन कुठली याची खात्री नसेल तर ही चाचणी स्वतः करू नका, वायरमनकडून करून घ्या. या वायरींना बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावायचे नाहीत, आणि बल्बवाला टेस्टर तर अजिबात नाही. तो ५ व्होल्टच्या लाइनवर इतका करंट ओढतो की नसलेला दोष तयार व्हायचा.

वायर तपासताना मीटरची 'बीप' ऐकून समाधान मानू नका. वीस तारांपैकी एक उरली तरी बीप वाजते. मी वायरची दोन्ही टोकं सुटी करतो, म्हणजे सेन्सर आणि ईसीयू दोन्हींचे कपलर काढून, आणि मग त्या एकट्या वायरमधून छोटा बल्ब पेटवून बघतो. बल्ब मंद लागला तर वायर आतून गेलेली आहे. इथे बल्ब चालतो, कारण ईसीयू जोडलेलाच नाही.

सगळं जोडून इग्निशन ऑन ठेवून सिग्नलवर मीटर लावा आणि थ्रॉटल हाताने अगदी सावकाश, मोजून दहा सेकंदांत, पूर्ण उघडा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून क्षणभराचा खड्डा त्याला दिसतच नाही. ईसीयूला मात्र दिसतो. मिन-मॅक्सवर ठेवलं तर खालचा आकडा पकडला जातो. माझ्याकडे अजून काट्याचा जुना मीटर आहे आणि या कामाला तो नव्या मीटरपेक्षा भारी पडतो, काटा थरथरला की डोळ्याला लगेच कळतं. ऑसिलोस्कोप असलेला माणूस भेटला तर प्रश्नच मिटला, पडद्यावर चढाची रेघ आणि तिच्यातला खड्डा सरळ दिसतो. काही लोक सेन्सर काढून टेबलावर ओहममध्ये मोजतात. घासणाऱ्या पट्टीच्या सेन्सरमध्ये त्याचा थोडा उपयोग आहे. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या सेन्सरमध्ये काहीच नाही. तिथे ओहमचा आकडा निव्वळ दिशाभूल करतो.

आता हलवून बघणं. मीटर लावलेला असताना हार्नेस हातात धरून वीतभर-वीतभर पुढे सरकत हलवत जायचं: कपलरजवळ, थ्रॉटलच्या वळणावर, बॅटरीखाली, इंजिन आणि बॉडीच्या मधल्या झोकावर. दुसऱ्या गिअरला २०-३० च्या वेगाला झटका येतो असं तुम्ही लिहिलंय. नवा सेन्सर झिजलेला नाही असं धरलं तर याचं दुसरं कारण उरतं: कमी गिअरमध्ये उचल घेताना इंजिन माउंटवर मागे कलतं आणि त्याच्याबरोबर हार्नेस ताणला जातो. ८२ हजारांनंतर माउंटही थोडे बसलेले असतात. वायर ज्या जागी तुटत आली असेल तिथे नेमका त्या क्षणी संपर्क जातो.

आणि आता ज्याच्यावर माझा खरा संशय आहे ते: सीएनजी किट. मिक्सरवाल्या बऱ्याच जुन्या किटांना चालकाने पाय किती दाबलाय हे कळायला टीपीएसच्या सिग्नलची गरज असते. ती कशी मिळवतात? मूळ सिग्नल वायरचं कव्हर ब्लेडने सोलायचं, किटची वायर तिला गुंडाळायची, वरून काळी टेप. सोल्डर करणारे थोडे, त्यावर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवणारे त्याहून थोडे. इंजिनच्या उष्णतेने दोन वर्षांत टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो, पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं होतं. सोलताना ब्लेडने चार तारा कापल्या गेल्या असतील तर आणखी वाईट. किटची वायर पुढे कुठे पत्र्याच्या धारेवर घासली असेल, तर टीपीएसचा सिग्नल तिथे अर्थ होतो आणि ईसीयूला दिसतं शून्य, म्हणजे पी०१२२. तुमचा पाऊस, तुमचा कोड आणि तुमचे आठ दिवस, तिन्हींचा मेळ इथे बसतो. सेन्सर बदलताना हार्नेसला हात लागला, जोड थोडा बरा बसला, आठ दिवस गाडी चालली.

सिक्वेन्शियल किट असेल तर ते बहुतेकदा इंजेक्टर आणि प्रेशरवरून चालतं, टीपीएसला हात लावलेला नसतोही. पण फिटिंग करणाऱ्याने काय केलंय हे टेप उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

इथे एक चूक हमखास होते. लोक म्हणतात, दोन दिवस पेट्रोलवर चालवून बघितली, तरी कोड आला, म्हणजे सीएनजीचा संबंध नाही. असं होत नाही. स्विच पेट्रोलवर असला तरी किटची वायर मूळ वायरला बांधलेलीच असते. ती पेट्रोलवरही तेवढीच त्रास देते. खरी चाचणी म्हणजे तो जोड उघडून किटची वायर वेगळी करायची, मूळ वायर नीट सोल्डर करून हीट-श्रिंक चढवायची, आणि मग आठवडाभर फक्त पेट्रोलवर फिरवायची. शक्य असेल तर एखादी पावसाची चक्कर गंगापूर धरणाकडे मारून या. कोड नाही आला तर गुन्हेगार सापडला. मग किटची वायर नव्याने, नीट जोडून घ्या. पाऊस नसेल तर मी फुलझाडांवर फवारायच्या बाटलीने संशयित जोडावर बारीक पाणी मारतो आणि मीटरकडे बघतो. कॉइल आणि प्लगच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं नाही. कधी उलटं, दोष गरम झाल्यावरच येतो. तेव्हा घरचा हेअर ड्रायर लावतो. बायको ओरडते ती वेगळी.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: 'कमी'चा कोड म्हणून ५ व्होल्ट आणि सिग्नल या दोन वायरी बघायच्या, ५ व्होल्ट नसतील तर सामाईक सेन्सर सोडवायचे, असतील तर जोडणीची चाचणी, आणि त्याआधीच, डोळ्यांनी दिसतं म्हणून, सीएनजीचा जोड.

आता तुमची थ्रॉटल बॉडी इलेक्ट्रॉनिक निघाली तर काय बदलतं? तिच्यात एकाच्या जागी दोन सेन्सर असतात, एकाने खोटं बोललं तर दुसऱ्याने चोरी पकडावी म्हणून. काही गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज नेहमी ५ च्या जवळ राहते. काहींत दोघंही चढतात, पण वेगळ्या चालीने. दोघांत मेळ राहिला नाही की पी२१३५ येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे एक्सिलेटर कितीही दाबा, ती बैलगाडीसारखी चालते. एक्सिलेटर पेडललाही असेच दोन सेन्सर असतात, त्यांचा तसाच कोड पी२१३८. दोन्ही आकडे इतके सारखे दिसतात की पेडलच्या दोषापायी थ्रॉटल बॉडी बदललेली मी पाहिली आहे. आणि एक काळजी: इग्निशन ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पाकळीत बोट घालू नका. आतली मोटर ती झपकन मिटवू शकते.

टीपीएसची नक्कल करणारे आजारही बरेच आहेत, पण ते पी०१२२ आणत नाहीत म्हणून थोडक्यात. पाकळीभोवती साचलेलं काळं, व्हॅक्यूमचा फाटका पाइप, चिकटलेला आयडल व्हॉल्व्ह, या सगळ्यांनी आयडल नाचतं. थ्रॉटल साफ करायची तर थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसा, सेन्सरच्या बाजूला फवारा मारू नका. इलेक्ट्रॉनिक असेल तर साफ केल्यावर स्कॅनरने आयडल रीलर्न करून घ्या; काळं साचलेलं असताना ईसीयूने पाकळी जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते, काळं गेल्यावर त्याच सवयीने आयडल चढून बसतं.

पी०१२१ किंवा पी००६८ असता तर मात्र मी मॅप सेन्सरकडेही पाहिलं असतं, कारण त्यात ईसीयू थ्रॉटल आणि हवेचा दाब यांचा हिशोब जुळवत असतो. त्यात आपल्या नाशिककरांसाठी एक बारकावा आहे. इंजिन बंद, इग्निशन ऑन असताना मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल. आपण साधारण ६०० मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे इथे ९३ ते ९५ दिसणं हेच बरोबर. पुस्तकातला १०१ धरून चांगला सेन्सर फेकायचा नाही. गरम इंजिन आयडलला असताना हाच आकडा ३० ते ४० च्या आसपास हवा. बराच वर असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय.

समजा सगळं मोजून सेन्सरच खराब निघाला, तरीही अख्खी बॉडी कशाला? केबलवालीत सेन्सर सुटा मिळतो. काहींच्या स्क्रूची भोकं लांबट असतात, म्हणजे बसवताना मीटर लावून बंद पाकळीला कंपनीने सांगितलेला आकडा जुळवायचा असतो. नुसता घट्ट करून मोकळं व्हायचं नाही. आणि जाता जाता गॅरेजवाल्याला विचारा, आयडल वाढवायला त्याने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला होता का. त्या स्क्रूवर बहुधा कंपनीच्या रंगाचा ठिपका असतो. तो तुटलेला दिसला तर कुणीतरी हात घातलाय, आणि मग बंद पाकळीचा आकडाच बदललेला असणार. बॉडी बदलावी लागते ती इलेक्ट्रॉनिकचा आतला सेन्सर किंवा मोटर गेली तर, किंवा पाकळीचा दांडा झिजून लटकत असेल तर. दांडा बोटाने हलवून बघा, बाजूला खेळ जाणवला तर गोष्ट वेगळी.

गॅरेजवाल्याशी भांडू नका, त्याला नुसतं म्हणा, 'भाऊ, आधी सीएनजीची टेप उघडून दाखव.' मग तीन आकडे लिहून पाठवा: कपलर काढून मिळणारे ५ व्होल्ट, पाकळी बंद असतानाचा सिग्नल, आणि ५ व्होल्ट-सिग्नल जोडल्यावर स्कॅनरने काय दाखवलं. बरोबर फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि त्या जोडाचा एक फोटो. थ्रॉटल बॉडी मागवून झाली असेल तर खोकं फोडू नका. इलेक्ट्रिकचं सामान एकदा गाडीला लागलं की दुकानदार परत घेत नाही.